थांब ना, अजून एप्रिलच आहे!

बेसबॉलचा सीझन तब्बल १६२ मॅचचा. तरी फॅन्सची सगळ्यात कडाक्याची भांडणं पहिल्या दोन महिन्यांतच होतात. कशावरून? टीम हरतेय त्यामागे 'कारण' आहे की नुसती 'सबब', यावरून!

आयपीएलचा पहिला आठवडा आठवा. तुमची लाडकी टीम लागोपाठ दोन मॅच हरली आहे. ग्रुपवर पोस्टमॉर्टेम सुरू. कॅप्टन बदला, त्या अमक्या बॉलरवर एवढे कोटी उडवलेच कशाला, यंदा आपलं काही खरं नाही... आणि ग्रुपमध्ये एक शांत प्राणी असतोच. तो हळूच टाईप करतो, 'अरे थांबा ना, अजून बारा मॅच आहेत.' मग सगळे मिळून त्यालाच झोडपतात.

आता कल्पना करा, बारा नाही, १६० मॅच बाकी आहेत. तरीही भांडण तेवढंच जोरात!

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या फॅन्सचा एप्रिल आणि मे हा असा जातो. मार्चच्या अखेरीस सीझन सुरू होतो तो सप्टेंबर संपेपर्यंत चालतो. टीम ३०, प्रत्येकीच्या मॅच १६२. म्हणजे जवळपास रोजच मॅच. न्यूयॉर्क, वॉशिंग्टनला संध्याकाळी सातला खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्यामुळे आपल्याकडच्या फॅनला निम्मा खेळ झाल्यावर, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर स्कोअर कळतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला तुमचा एखादा मावसभाऊ असेल तर त्याची पंचाईत आणखी मोठी. एका बाजूला न्यूयॉर्कच्या दोन टीम, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया. ऑफिसमध्ये कुठल्या टेबलावर काय बोलायचं, याचा त्याला रोज सकाळी विचार करावा लागतो.

या सगळ्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'थांब ना, अजून एप्रिलच आहे!' हरणाऱ्या टीमचा फॅन ते स्वतःच्या समाधानासाठी म्हणतो. जिंकणाऱ्या टीमचा फॅन ते दृष्ट लागू नये म्हणून म्हणतो. प्रश्न एवढाच, की हे वाक्य खरं कधी असतं आणि स्वतःची फसवणूक कधी?

साडेअकराला एक

आधी जरा हिशेब करू. आयपीएलमध्ये साखळीत प्रत्येक टीमच्या १४ मॅच असतात. १६२ ला १४ ने भागा. उत्तर येतं साडेअकराच्या थोडं वर. म्हणजे बेसबॉलमधल्या साडेअकरा मॅच मिळून आपली आयपीएलची एक मॅच! सीझनचे पहिले दोन आठवडे बघून जो फॅन 'यंदा बाहेर' म्हणतो, तो खरं तर एका मॅचवरून निकाल लावत असतो. मुंबई इंडियन्सनं २०१५ मध्ये पहिल्या चारही मॅच गमावल्या होत्या आणि ट्रॉफी त्यांनीच उचलली, हे तुम्हाला आठवत असेल. चौदातल्या चार गेल्या तरी परत येता येतं. मग १६२ मधल्या दहा गेल्या तर काय बिघडलं?

शिवाय बेसबॉलमध्ये हरणं हे रोजच्या जेवणातल्या मिठासारखं असतं. उत्तम टीमसुद्धा सीझनमध्ये साठेक मॅच हरते. तिकडचे जुने फॅन सांगतात, कितीही चांगली टीम ५४ मॅच हरणार, कितीही वाईट टीम ५४ जिंकणार. उरलेल्या ५४ चं तुम्ही काय करता, तोच तुमचा सीझन. गोची ही, की एप्रिलमध्ये आपण बघतोय त्या मॅच यातल्या कुठल्या खात्यातल्या, हे कुणाला माहीत नसतं.

एप्रिलचे हिरो

४ एप्रिल १९९४. शिकागोचं रिग्ली फील्ड. कब्ज टीमची सीझनमधली पहिलीच मॅच. समोर न्यूयॉर्क मेट्सचा नावाजलेला पिचर ड्वाइट गुडन. टफी रोड्स नावाच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या खेळाडूनं त्याला एकाच मॅचमध्ये तीन होमरन मारले. अख्खं स्टेडियम वेडं झालं. (तरी कब्ज ती मॅच १२-८ अशी हरले, हा भाग वेगळा!) त्या रात्री शिकागोत काय गप्पा रंगल्या असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्या अख्ख्या सीझनमध्ये रोड्सचे होमरन झाले आठ. मेजर लीगच्या पूर्ण कारकिर्दीत तेरा. म्हणजे पहिल्या दिवशीच्या तीनवरून ज्यांनी स्टार ठरवला, ते सपशेल चुकले. पण गंमत पुढे आहे. 'फुसका निघाला' म्हणणारेही चुकले! रोड्स जपानला गेला. तिथं २००१ च्या एका सीझनमध्ये त्यानं ५५ होमरन मारून सदाहारू ओ या महान खेळाडूच्या विक्रमाशी बरोबरी केली. जपानी लीगमध्ये त्याच्या नावावर एकूण ४६४ होमरन आहेत. एका दिवसावरून माणूस ओळखता येत नाही. एका वर्षावरूनही येईलच असं नाही.

टीमचंही तसंच. २०२३ मध्ये टॅम्पा बे रेज टीमनं सीझनच्या पहिल्या सलग १३ मॅच जिंकल्या. आधुनिक बेसबॉलमधल्या सर्वोत्तम सुरुवातीच्या विक्रमाशी बरोबरी. पुढेही त्या टीमनं छान खेळ केला, ९९ मॅच जिंकल्या. आणि ऑक्टोबरच्या बाद फेरीत? टेक्सस रेंजर्सकडून घरच्या मैदानावर लागोपाठ दोन मॅच हरून दोन दिवसांत खेळ खल्लास. ट्रॉफी शेवटी रेंजर्सनी नेली.

कारण की सबब?

आता २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सच्या फॅनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमच्या टीमचा सगळ्यात मोठा स्टार ब्राइस हार्पर सीझनच्या तोंडावर शेजारच्या फिलाडेल्फियाकडे गेला आहे. १३ वर्षांचा करार, ३३ कोटी डॉलर. २ एप्रिलला तो पाहुण्या टीमचा शर्ट घालून तुमच्याच मैदानावर येतो. तुम्ही घसा बसेपर्यंत त्याची हुर्यो उडवता. तो होमरन ठोकतो, वर बॅट हवेत भिरकावतो. त्याच मॅचमध्ये तुमचा ट्रे टर्नर बोट मोडून घेतो आणि महिनाभराहून जास्त काळ बाहेर बसतो. नंतर अँथनी रेंडन जखमी. मग हुआन सोटोची पाठ धरते. बुलपेन, म्हणजे शेवटच्या इनिंग्ज सांभाळायला येणारे पिचर, आपल्या भाषेत डेथ ओव्हर्सचे बॉलर, तर हातातल्या मॅच घालवत सुटलेत.

२३ मे. न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून लागोपाठ चौथा पराभव. हिशेब: १९ विजय, ३१ पराभव.

आता बोला. तुम्ही कुठल्या गटात?

पहिला गट म्हणतो, 'तीन मुख्य बॅटर एकापाठोपाठ जखमी झाले, हे कारण आहे. ते परत आले की टीम परत येईल.' दुसरा गट म्हणतो, 'जखमा सगळ्यांनाच होतात. या सगळ्या सबबी. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला आत्ताच्या आत्ता काढा.' (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपला मुख्य कोच.) दुसऱ्या गटाचा आवाज त्या मे महिन्यात फारच मोठा होता. पिचिंगच्या कोचची तर २ मेलाच गच्छंती झाली होती.

अमेरिकन फॅन्समध्ये एक जुना ठोकताळा आहे. मेमोरियल डे, म्हणजे मेचा शेवटचा सोमवार, येईपर्यंत गुणतक्त्याकडे बघून जीव जाळायचा नाही. त्यानंतर मात्र दिसतं ते खरं मानायचं. २०१९ मध्ये मेमोरियल डे होता २७ मेला. म्हणजे या ठोकताळ्यानं बघितलं तरी नॅशनल्सचं दुकान बंद व्हायला हवं होतं.

पण मालकांनी मार्टिनेझला ठेवलं. खेळाडू बरे झाले. मे महिन्यात टीमला येऊन मिळालेला हेरार्डो पारा हा अनुभवी खेळाडू स्वतः एकही हिट मिळत नाही म्हणून वैतागला होता. जूनमध्ये त्यानं बॅटिंगला येतानाचं आपलं गाणं बदललं आणि लावलं काय, तर आपल्या लहान मुलीचं आवडतं 'बेबी शार्क'! हळूहळू पूर्ण स्टेडियम त्या तालावर हातांचा जबडा करून टाळ्या वाजवायला लागलं. २३ मेनंतर नॅशनल्स ७४ जिंकले, ३८ हरले. शेवटच्या दारानं बाद फेरीत शिरले आणि वर्ल्ड सिरीजच्या फायनलपर्यंत पोहोचले. तिथं सातही मॅच पाहुण्या टीमनं जिंकल्या, असं याआधी कधीच झालं नव्हतं. ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये सातवी मॅच ६-२ अशी जिंकून वॉशिंग्टननं १९२४ नंतर पहिल्यांदा ट्रॉफी घरी आणली.

म्हणजे 'थांब ना' म्हणणारेच नेहमी बरोबर? छे! २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सची सुरुवात झाली ३ विजय आणि २२ पराभव अशी. त्यांच्याही एखाद्या भाबड्या फॅननं 'अजून एप्रिलच आहे' म्हटलंच असणार. सीझन संपला तेव्हा त्यांच्या नावावर १२१ पराभव होते, आधुनिक बेसबॉलमधले सर्वाधिक. आणि 'मॅनेजरला काढा' म्हणणारे नेहमी चूक? तसंही नाही. २०२२ मध्ये फिलाडेल्फियानं २२-२९ अशा अवस्थेत जो जिरार्डीला घरी पाठवलं, रॉब थॉमसनच्या हाती टीम दिली आणि ती टीम थेट वर्ल्ड सिरीज खेळली.

मग ओळखायचं कसं? मुरलेले फॅन तीन गोष्टी बघतात. एक, नुसता हार-जितीचा आकडा नाही, तर टीमनं एकूण रन किती केले आणि किती दिले. चार मॅच एकेका रननं हरलेली टीम आणि चार मॅच दहा-दहा रननं हरलेली टीम, तक्त्यात दोघींचं खातं सारखंच दिसतं. आजार मात्र वेगळा असतो. दोन, जे खेळत नाहीत ते कोण आणि कधी परत येणार. परत येणारं माणूस असेल तर ते कारण. यायला कुणीच नसेल तर ती सबब. तीन, बिघाड एका जागी आहे की सगळीकडे. नॅशनल्सकडे मॅक्स शर्झर आणि स्टीफन स्ट्रासबर्ग यांच्यासारखे सुरुवातीचे पिचर होते, गळती मुख्यतः बुलपेनमध्ये होती. एक नळ गळत असेल तर प्लंबर बोलावतात, घर पाडत नाहीत.

हे वाचताना तुम्हाला पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट किंवा नोकरीतले पहिले तीन महिने आठवले असतील तर तो योगायोग नाही. स्वतःचा निकाल लावतानाही आपण बहुतेक वेळा एप्रिलमध्येच असतो.

एकवीस पराभव, ५० हजार माणसं

पण या सगळ्या आकडेमोडीच्या पलीकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. ती घडली बाल्टिमोरमध्ये, १९८८ साली.

बाल्टिमोर ओरिओल्स सीझनची पहिली मॅच घरच्या मैदानावर १२-० अशी हरले. मग दुसरी, तिसरी... सहा पराभवांनंतर मॅनेजर कॅल रिप्कन सीनियरना काढून टाकलं. त्यांची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच टीममध्ये खेळत होती. वडिलांची नोकरी गेली आणि मुलांना दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मैदानात उतरायचं होतं. फ्रँक रॉबिन्सन हा महान खेळाडू नवा मॅनेजर झाला. फरक काय पडला? टीम आणखी १५ मॅच हरली. सलग २१! सीझनच्या सुरुवातीला इतकं लागोपाठ आजवर कुणीही हरलेलं नाही. बॉब रिव्हर्स या तिथल्या रेडिओ निवेदकानं जाहीर केलं, 'टीम जिंकेपर्यंत मी माइक सोडणार नाही.' बिचारा २५८ तास स्टुडिओत अडकला! अखेर २९ एप्रिलला शिकागोत ओरिओल्स ९-० असे जिंकले. त्यानंतर लगेच पुन्हा दोन पराभव.

१ विजय, २३ पराभव असा हिशेब घेऊन टीम २ मेला घरी परतली. तुम्ही काय केलं असतं? अंडी, टोमॅटो? बाल्टिमोरकरांनी काय केलं, ऐका. त्या रात्री स्टेडियममध्ये ५० हजार ४०२ माणसं आली. सोमवारच्या रात्री. सगळ्यात वाईट टीमचं स्वागत करायला.

का आली असतील? एक उत्तर बाल्टिमोरच्या अलीकडच्या इतिहासात आहे. चारच वर्षांपूर्वी, १९८४ च्या मार्चमध्ये, त्यांची फुटबॉल टीम कोल्ट्स रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेली होती. सकाळी शहर उठलं तेव्हा टीम नव्हती. आता ओरिओल्सही जातील, ही धास्ती घराघरांत होती. त्यामुळे त्या एप्रिलमध्ये शहरात वरवर बोलणं चाललं होतं बॅटिंगबद्दल. खाली मनात प्रश्न होता, 'हे लोक आपले राहतील ना?' २ मेच्या त्याच रात्री त्याचं उत्तर मिळालं. नव्या स्टेडियमसाठी दीर्घ मुदतीचा करार झाल्याची घोषणा झाली. टीम राहणार! आणि हो, ओरिओल्स ती मॅच ९-४ अशी जिंकले.

तो सीझन सुधारला नाहीच. १०७ पराभव झाले. पण पुढच्या वर्षी त्याच ओरिओल्सनी ८७ मॅच जिंकल्या आणि गटातल्या पहिल्या जागेसाठी शेवटच्या वीकेंडपर्यंत झुंज दिली. १९९२ मध्ये ते नवं स्टेडियम, कॅम्डन यार्ड्स, उघडलं. ते आजही आहे.

याच्या अगदी उलट टोकाला ऑकलंड. २०२३ च्या एप्रिलमध्येच बातमी आली, की ए'ज ही टीम लास वेगासला जायच्या तयारीत आहे. टीम मैदानावरही धडाधड हरत होती. 'मॅच बघायला कोणी येतच नाही', असं कारण पुढे केलं जात होतं. मग फॅन्सनी ठरवलं, बहिष्कार नाही, उलटा बहिष्कार घालायचा. १३ जूनला सगळ्यांनी मुद्दाम यायचं. २७ हजार ७५९ जण आले. अंगात हिरवे टी-शर्ट, त्यावर मालकाला उद्देशून एकच शब्द, 'विका'. टीम त्या रात्री २-१ अशी जिंकली, तो सलग सातवा विजय होता. आणि समोर कोण होतं? १३-० सुरुवात करणारे तेच टॅम्पा बे रेज!

तरीही टीम गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑकलंडमधली शेवटची मॅच झाली. त्या २७ हजारांचं कुणी ऐकलं नाही. प्रेम केलं की टीम राहतेच, असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण तसं नसतं.

आता एक शेवटचा आकडा बघा. १३-० सुरुवात, ९९ विजय मिळवलेल्या रेजची २०२३ मधली बाद फेरीतली पहिली मॅच बघायला माणसं आली १९ हजार ७०४. मंगळवारची दुपार होती हे मान्य. पण १-२३ वाल्या ओरिओल्ससाठी सोमवारी रात्री आली होती ५० हजार ४०२. सुरुवातीच्या महिन्यांत टीम कशी आहे, ते गुणतक्त्यावरून फारसं कळत नाही. तिचे फॅन कसे आहेत, ते मात्र नीट कळतं.

तेव्हा येत्या सीझनला एखादी टीम पकडून बघाच. जिंकणारी कुठलीही टीम कुणीही पकडेल, तुम्ही गुणतक्त्याच्या तळातली पकडा. सकाळी उठलात, चहा ठेवलात, स्कोअर बघितलात आणि पुन्हा हरलेली दिसली, तर ग्रुपवर टाकायचं वाक्य तुम्हाला आता माहीत आहे. फक्त ते टाकण्याआधी स्वतःला एकदा विचारा, कारण आहे की सबब?

आणि सबब असली, तरी उद्या पहाटे साडेचारला पुन्हा मॅच आहेच.